गिरणीत ऐकू येतं, घरात न्हाई

कानात मळ आणि आमच्या केंद्रात किस्से, दोन्ही न मागता साठतात. मळ निदान काढता तरी येतो. किस्से काढायला बसलं की समोरचा चहा गार होतो, म्हणून आज मी चहा आधीच पिऊन घेतला आहे.

मी कान तपासते. भोरमध्ये आमचं छोटंसं केंद्र आहे आणि बाजाराच्या दिवशी मी वेल्ह्याला एसटी स्टँडजवळच्या एका भाड्याच्या खोलीत मशीन घेऊन बसते. शिकले पुण्यात, पण जन्म भोरचा. अब्बांचं सायकलीचं दुकान होतं, त्यामुळे तालुक्यातली निम्मी माणसं मला 'पंक्चरवाल्या चाचांची पोरगी' म्हणून ओळखतात आणि उरलेली 'कानवाल्या मॅडम' म्हणून.

डोळ्यांबद्दल लोक डॉक्टरला विचारतात. दातांबद्दल विचारतात. कानाबद्दल कुणी विचारत नाही, सगळे सांगतात! प्रत्येकाला दोन कान आणि प्रत्येकाची त्याबद्दल दोन मतं.

पहिला गैरसमज तर माझ्याबद्दलच आहे. बाजारात एक भाजीवाली सगळ्यांशी नीट बोलते आणि मी दिसले की ओरडते. मेथीचा भाव ती मला सांगते तेव्हा पलीकडच्या गल्लीतलं गिऱ्हाईक घासाघीस सुरू करतं. एकदा मी तिला समजावलं, की बाई, मी कान तपासते, मी बहिरी नाही.

तिनं माझ्याकडे मायेनं पाहिलं. "व्हय, पर रोज त्यांच्यातच बसता न्हवं? कवातरी लागायचंच," ती म्हणाली आणि मूठभर कोथिंबीर वर टाकली.

* * *

आमच्या दाराशी नामदेवकाका बसतात. आलेल्या माणसाला बसवणं, पाणी देणं, नंबर लावणं, ही त्यांची कामं. काका एसटीचे रिटायर ड्रायव्हर. सगळं आयुष्य घाटात, इंजिनाच्या शेजारी गेलेलं. त्यांचा एक सिद्धांत होता, की ड्रायव्हरचा कान तयार होतो, आवाजाची सवय झाली की त्रास होत नाही.

बरोबरच आहे. ऐकूच आलं नाही तर त्रास कसला?

हे मला कळायला उशीर झाला, कारण काका फार हुशारीनं मान हलवायचे. कुणी काहीही विचारलं की आधी डोळे बारीक, मग मान. एकदा एका गृहस्थांनी विचारलं, मॅडम आहेत का? काकांनी मान हलवली. जेवायला गेल्यात का? मान. मग आज येत नसतील? मान. गृहस्थ बिचारे एसटी पकडून परत गेले आणि मी आत रिकामी बसून होते.

त्याच संध्याकाळी मी काकांना आमच्याच खोलीत बसवून तपासलं आणि पुढच्या आठवड्यात कानाला मशीन लावलं. दुसऱ्या दिवशी काका रागातच आले. घरापासून कुणीतरी पाठलाग करतंय, वळून पाहिलं की लपतंय, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या स्वतःच्या चपला वाजत होत्या. कित्येक वर्षांपासून वाजत असणार. काकांनी चपला चांभाराला दाखवून दुरुस्त करून घेतल्या.

मग काकी आल्या. माझ्या टेबलाशी वाकून हळूच म्हणाल्या, "मॅडम, ह्यो आवाज वाईच कमी करता येतोय का?"

मी विचारलं, काकांना त्रास होतोय का?

"त्यास्नी न्हाई, मला. इतकी वर्सं मी जे पुटपुटत होते, ते आता त्यांना समदं कळाय लागलंय."

* * *

आमच्याकडे माणसं ऐकू येत नाही म्हणून येतात. ऐकू येतं असं लिहून घ्यायला आजवर एकच बाई आली. कोंडाबाई.

मार्गासनीच्या पुढं, रस्ता सोडून आत त्यांचं गाव. वेल्ह्याच्या बाजारच्या दिवशी त्या सुनेला घेऊन आल्या. सून सारिका, वय फार तर सव्वीस-सत्तावीस, माहेर शिवऱ्याचं. मागे सारिकाचा नवरा दीपक, त्याच्या कडेवर त्यांची छोटी चिऊ. कोंडाबाई खुर्चीत बसल्या, पदर सारखा केला आणि इतक्या हळू बोलल्या की मलाच पुढे वाकावं लागलं.

"मॅडम, हिला चांगलं ऐकू येतं, एवढं लिवून द्या."

मी म्हटलं, तपासते तर खरी, पण लिहून कशाला हवं?

तर भावकीची बैठक बसणार होती. सारिका घरात हाकेला ओ देत नाही, सांगितलेलं काम करत नाही, पाहुण्यांसमोर मान दुसरीकडे फिरवते, असं कोंडाबाईंचं म्हणणं. हे सगळं बाळंतपणानंतर सुरू झालं. लेक झाली आणि हिला मग्रुरी आली. बैठकीत ठरवायचं होतं, की सारिकाला माहेरी धाडायचं. चिऊ मात्र इथंच ठेवायची, कारण पोर आमच्या घराण्याची. हे त्या चिऊच्या डोक्यावरून हात फिरवत सांगत होत्या आणि दीपक भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होता.

सारिकाला यातलं किती कळत होतं, कोण जाणे. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मला तेव्हा कोंडाबाईंचा इतका राग आला होता, की मी चष्मा काढून उगाच पुसत बसले.

कोंडाबाईंकडे पुरावेही होते. पहिला, सारिका हळू बोलते. "भैरं मानूस वरडून बोलतं. ही आमच्यासारखी हळू बोलती. आमच्या घरात बाईमानसाचा आवाज उंबऱ्याभाईर जात न्हाई." दुसरा पुरावा त्याहून भक्कम. गावात चुलतदिरांची, म्हणजे आबांची, पिठाची गिरणी. गिरणी चालू असते तेव्हा तिथं कुणाचं कुणाला कळत नाही.

"मला सुदिक तितं काय कळत न्हाई. आन् हिला समदं कळतं! बायांशी गप्पा मारती, हसती. घरात आली की भैरी. गिरणीत ऐकू येतं, घरात न्हाई. असं कुठं आस्तंय व्हय?"

असतं. अगदी असंच असतं, आणि ते ऐकून मी खुर्चीवरून उठलेच! काही बायकांच्या कानातलं एक इवलंसं हाड आखडतं, बाळंतपणानंतर ते जास्तच घट्ट होतं. हलका आवाज आत पोचत नाही. गिरणीत पट्टा सुरू झाला की सगळे ओरडून बोलतात. अशा बाईला गिरणीची घरघर फारशी पोचत नाही आणि लोकांचं ओरडणं बरोबर पोचतं. तिच्यासाठी ती गावातली सगळ्यात सोयीची जागा. आणि अशा माणसाला स्वतःचा आवाज आतून मोठा वाटतो, म्हणून तो हळू बोलतो.

मी सारिकाला तपासलं. कानावर हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. हलक्या आवाजांना बटण गप्प. मग कानामागच्या हाडावर यंत्र टेकवून तपासलं, तर बारीकसारीक आवाजही तिनं टिपले. म्हणजे आतला कान शाबूत, वाट तेवढी अडलेली. पुण्याला ऑपरेशन होतं, बहुतेकांना फरक पडतो. नाहीच करायचं तर मशीन आहे.

मी चित्र काढून दाखवलं. कोंडाबाईंनी चित्र बघितलं, सुनेच्या हातातलं बटण बघितलं आणि म्हणाल्या, "बटान तिच्याच हातात हुतं की वो. दाबलं न्हाई तर कुनाला कळायचंय?"



* * *

सारिकाचं पुढं काय झालं ते सांगते, पण त्या दिवशी कोंडाबाई बाहेर पडल्या आणि आत आले दोन भाऊ, त्यांचं आधी ऐका. त्याशिवाय माझ्या डोक्याची काय अवस्था होती ते कळणार नाही.

भाऊ दोघेही सत्तरीचे, दोघेही कानानं गेलेले, जमीन अजून एकत्र. थोरल्याला मी मशीन दिलं होतं. आता तक्रार अशी, की ते कधी नीट चालतं, कधी शिट्टी मारतं. मी ते थोरल्याच्या कानात घातलं, व्यवस्थित बसलं. मग शिट्टी कधी मारतं?

"धाकट्याची पाळी आसली की," थोरले म्हणाले.

पाटाचं पाणी जसं वाटून घेतात, तसं त्यांनी मशीन वाटून घेतलं होतं! एक दिवस याच्या कानात, एक दिवस त्याच्या. थोरल्याच्या कानाच्या मापाचं मशीन धाकट्याच्या कानात कसं बसणार? आणि दोघांचं ऐकू येणंही वेगवेगळं. मी त्यांना समजावलं, की हे चष्म्यासारखं आहे, ज्याचा त्याला. त्यावर कळलं, की चष्माही घरात एकच आहे.

शेवटी मी धाकट्यांकडे वळले आणि मोठ्यानं विचारलं, की तुम्हाला वेगळं मशीन हवं का?

त्यांनी शांतपणे हात वर केला. "उद्या इचारा. आज माजी ऐकायची पाळी न्हाई."

* * *

बहिरा माणूस ओठ वाचतो, असं लोकांना वाटतं. वाचतो, पण ओठ वाचण्याजोगे तर हवेत.

माझा मामेभाऊ सलीम भोरला टेलर आहे. जन्मापासून ऐकू येत नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून त्याला बरंच कळतं आणि बाकीचं मोबाईलवर लिहून होतं. नवीन माणूस आला, की सलीमला ऐकू येत नाही हे कळल्यावर हमखास दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर कानाशी जाऊन ओरडतो, म्हणजे सलीमला त्याचं तोंडच दिसत नाही. नाहीतर तमाशातल्यासारखे हातवारे करतो. एकानं पँटची उंची दाखवताना अशी काही उडी मारली, की सलीमनं आधी त्याला पाणी दिलं.

पण सलीमचा खरा वैरी म्हणजे तंबाखू. गालात बार भरला, की आमच्याकडचा माणूस ओठ न हलवता बोलतो. आपल्यालाही सवयीनंच कळतं, सलीमला तर काहीच नाही. म्हणून त्यानं दुकानावर पाटी लावली, 'तंबाखू थुंकून मगच बोला'.

पाटीचा बोलबाला झाला. लोकांना वाटलं, स्वच्छतेची, व्यसनमुक्तीची मोहीम आहे. दोघातिघांनी फोटो काढून ग्रुपवर टाकला. मग एक दिवस कुठल्याशा खात्याचे साहेब गाडीतून उतरले, सलीमच्या पाठीवर थाप मारली आणि पाटीसमोर उभं राहून त्याच्या सामाजिक जाणिवेबद्दल छोटंसं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सलीमही हसून वाजवत होता.

संध्याकाळी मी त्याला विचारलं, साहेब काय म्हणाले रे? त्यानं मोबाईलवर लिहून दाखवलं, "कळलं नाही. तोंडात तंबाखू होती."

* * *

मशीन घेतलं म्हणजे काम झालं, हाही एक लाडका गैरसमज. सोपानरावांच्या मुलानं त्यांना चांगलं मशीन घेऊन दिलं. वर्षभरानं ते तक्रार घेऊन आले. मशीन नव्यासारखं चकचकीत. मी विचारलं, रोज घालता ना?

सोपानराव दचकले. भारी वस्तू रोज कशी घालणार? ते ट्रंकेत, लग्नाच्या फेट्याशेजारी ठेवलं होतं. फेटा निघाला की मशीन निघायचं. आणि आजकाल लग्नात काय असतं? डीजे. डीजेच्या भिंतीसमोर मशीन घालून उभं राहिल्यावर डोकं भणाणलं, म्हणून मशीन खराब.

मी म्हटलं, अहो, हे घरात घालायचं. शांततेत. हळूहळू सवय होते.

"घरात काय ऐकायचंय? तीच मानसं, तीच भांडनं. मला समदं पाठ हाय," सोपानराव म्हणाले. "भाईर तरी नवीन कायतरी कळतं."

मला हसू आलं, पण त्याच वेळी मला कोंडाबाईंचं घर आठवलं. तिथलं बोलणं तर पाठसुद्धा होण्यासारखं नव्हतं. ते सारिकापर्यंत पोचतच नव्हतं.

* * *

तर त्या बैठकीच्या दोन दिवस आधी मला एक फोन आला. सारिकाचा भाऊ रवी, शिवऱ्याला टेम्पो चालवतो. आवाज पडलेला. "मॅडम, तुमी सारिकाचा कान उत्तम हाय म्हनालात व्हय?"

मग मला आठवलं. आतला कान उत्तम आहे, असं मी म्हणाले होते. कोंडाबाईंनी त्यातलं 'आतला' तेवढं वेल्ह्याच्या बाजारात ठेवलं आणि 'कान उत्तम' गावात नेलं. आता गावभर झालं होतं, की मॅडमनीसुद्धा सांगितलं, सून ढोंगी आहे.

म्हणजे त्या पोरीविरुद्ध साक्षीदार मी! रिपोर्ट पाठवून उपयोग नव्हता, बटण तिच्याच हातात होतं. मी नामदेवकाकांना म्हटलं, आपण जाऊ. काका म्हणाले, "जाऊ की. घाटात गाडी मीच चालवनार."

बैठक आबांच्या ओट्यावर, गिरणीला लागूनच. भावकीतली पाचसात म्हातारी माणसं, कोंडाबाई, दीपक, पाहुणा म्हणून रवी. सारिका दाराशी, चिऊला धरून. तिच्या पायाशी पत्र्याचा डबा होता. बैठक असो की काही असो, घरातलं दळण तिनंच आणलं होतं.

आबा मधोमध. तालुक्यात त्यांचा मान मोठा. आबा कमी बोलतात, तोलून बोलतात, असं सगळे सांगत होते. मी बोलायला सुरुवात केली, हाडाचं, बाळंतपणाचं, ऑपरेशनचं सांगितलं. आबा डोळे बारीक करून मान हलवत होते. मला हुरूप आला.

नामदेवकाका माझ्या कानाशी वाकले. "मॅडम, दमू नका. त्यास्नी काय पन ऐकू येत न्हाई. मी वळखतो ही मान."

तेवढ्यात लाईट आली.

शहरातल्या माणसाला यातलं काय कळणार? खेड्यात थ्री फेज लाईट पाळीनं येते आणि कधी जाईल ते सांगता येत नाही. ती आली, की विहिरीवरची मोटार आणि गावातली गिरणी आधी, बाकी सगळं नंतर. दारात दळणाच्या डब्यांची रांग लागलेली. आबा ताडकन उठले. बैठक त्यांच्याशिवाय होणार नाही आणि गिरणी त्यांच्याशिवाय चालणार नाही. त्यांनी मार्ग काढला.

"आत या समदी. दळता दळता बोलू."

सगळी भावकी गिरणीत शिरली. पट्टा फिरला आणि माझ्या छातीत घरघर सुरू झाली. पीठ उडत होतं, पाच मिनिटांत सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या. एक तात्या होते, त्यांनी रवीला काहीतरी ओरडून सांगितलं. रवीनं कानाला हात लावला. तात्या परत ओरडले. रवीनं बहिणीकडे बघितलं.

सारिकानं भावाच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं. रवीनं उत्तर दिलं, ते तात्यांना कळलं नाही. तात्यांनीही सारिकाकडे बघितलं. तिनं त्यांच्याजवळ जाऊन सांगितलं. मग दुसऱ्या म्हाताऱ्यानं काहीतरी म्हटलं आणि तिसऱ्यानं तिला खुणेनं विचारलं, काय म्हणतोय?

बघता बघता सगळी बैठक तिच्यातून चालू लागली. गिरणीच्या मधोमध ती उभी आणि याचं त्याला, त्याचं याला. दळण ओतता ओतता आबासुद्धा तिच्या तोंडाकडे बघत होते. त्या आवाजात मला स्वतःचा श्वास ऐकू येत नव्हता आणि तिचा एक शब्द चुकत नव्हता. मधेमधे ती माझ्याही कानाशी येऊन सांगून जायची, आणि सगळं बोलणं तिच्याच विरुद्ध होतं. तिनं त्यातला एक शब्द गाळला नाही, की बदलला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते मी पिठावर ढकललं.

शेवटी कोपऱ्यात बसलेल्या कोंडाबाई राहिल्या. त्यांना मघापासून काहीच कळलं नव्हतं. त्यांनी सुनेचा पदर ओढला आणि हातानं विचारलं, काय ठरलं?

सारिका त्यांच्या कानाशी वाकली. तिचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. मी त्यांच्या अगदी शेजारी होते, म्हणून मला कळलं.

"आत्या, मला आजच धाडायचं ठरलं. चिऊ तुमच्यापाशी ठेवायची."

कोंडाबाई तिच्याकडे बघत राहिल्या. सारिका मागे सरली आणि तिनं चिऊचं तोंड पदरानं पुसायला घेतलं. पोरीच्या केसांतसुद्धा पीठ बसलं होतं.

आणि लाईट गेली.

पट्टा मंदावला, एकदा कुरकुरला, थांबला. इतकी शांतता झाली, की बाहेर कोंबडी दाणे टिपतेय तेही कळत होतं. कोंडाबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि आबांकडे बघून, त्यांच्या घरातल्या बायका बोलतात तशा हळू आवाजात म्हणाल्या,

"हिला धाडल्यावर मला सांगंल कोन?"

सगळ्यांनी ऐकलं. तात्यांनी ऐकलं, दीपकनं ऐकलं, दाराबाहेर डबे घेऊन उभ्या असलेल्या बायकांनी ऐकलं. आबांना नामदेवकाकांनी सांगितलं.

सारिका चिऊचं तोंड पुसत होती. सगळे आपल्याकडे का बघतायत ते तिला कळेना. ती नवऱ्याला म्हणाली, "काय म्हनाल्या आत्या?"

दीपकनं आईकडे बघितलं. कोंडाबाई उठल्या. सुनेजवळ गेल्या, तिच्या कानाशी तोंड नेलं आणि त्या शांत गिरणीत अशा ओरडल्या, की बाहेरची कोंबडी फडफडत ओट्यावर चढली.

"डबा उचल! घरी चल!"